फोंतेन्हासमध्ये आठ दिवस राहायचं असेल तर

प्रश्न ठाण्याहून आला आहे. घरात नवरा-बायको, सहा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. नणंद अमेरिकेहून येते आहे, तिच्याकडे तिकडचा पासपोर्ट आहे. जानेवारीच्या शेवटी आठ दिवस सगळ्यांना पणजीत एकत्र राहायचं आहे. हॉटेलच्या तीन खोल्या घेण्यापेक्षा तिथल्याच फोंतेन्हास या वस्तीतल्या जुन्या घरातलं दोन बेडरूमचं सर्व्हिस्ड अपार्टमेंट घ्यावं का, आणि फोटोंपलीकडे नक्की काय विचारावं, असं त्यांनी विचारलंय.

घ्या. आठ दिवस, सहा माणसं आणि त्यात लहान मूल असेल तर स्वयंपाकघर असलेल्या घराला पर्याय नाही. दोनच रात्री राहणार असता तर मी तुम्हाला साध्या गेस्ट हाउसमध्ये जा म्हणाले असते, कारण जुन्या घराची सवय व्हायलाच दोन दिवस लागतात. मात्र तुम्ही पाठवलेल्या तीन लिंकपैकी दोन घरं पहिल्या मजल्यावरची आहेत. ती सासूबाईंसाठी नकोत. तिसरं तळमजल्यावर आहे, त्याबद्दल काही गोष्टी विचारून मगच पैसे भरा.

मी गेली सोळा वर्षं फोंतेन्हास आणि मळा या भागात दोन जुन्या घरांतली चार अपार्टमेंट चालवते. एक घर आमचं, दुसरं परदेशात गेलेल्या एका कुटुंबाचं. पुढे सांगते ते बहुतेक या घरांनीच शिकवलेलं आहे.

सुरुवात जिन्यापासून करते, कारण तो कुठल्याच जाहिरातीत नीट दिसत नाही. फोटोत रंगीत भिंत येते, लोखंडी नक्षीची गॅलरी येते, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी येते. जिना अंधाऱ्या कोपऱ्यात असतो. आमच्याकडचा सतरा पायऱ्यांचा आहे, सागवानी, मध्यभागी झिजून खोलगट झालेला. आजच्या इमारतीत पायरीची उंची साधारण सहा-साडेसहा इंच असते, आमच्या जिन्यात ती नऊ इंच आहे. पाऊल ठेवायची जागाही पुरती नऊ इंच नाही, त्यामुळे उतरताना मोठ्या माणसाला पाय तिरका ठेवावा लागतो. कठडा एकाच बाजूला. हे घर बांधणारे लोक तळमजला सामानाला, दुकानाला किंवा नोकरमाणसांना ठेवत आणि वर राहत. दिवसातून दहा वेळा चढ-उतार करावी लागेल असा विचार त्या जिन्यामागे नव्हता.

धंद्याच्या तिसऱ्या वर्षी नागपूरचं एक कुटुंब वरच्या मजल्यावर उतरलं. सोबत आजी होत्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. मी काही विचारलं नव्हतं, त्यांनी काही सांगितलं नव्हतं. आजी वर चढल्या त्या नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, प्रत्येक पायरीला थांबत. मग चार दिवस त्या खाली आल्याच नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. सगळे फिरून येईपर्यंत रस्त्यावरची मुलं, सायकली, समोरच्या घरातली मांजर बघत राहायच्या. निघताना त्या मला म्हणाल्या, "घर छान आहे गं, पण मला गोवा वरूनच दिसला." तेव्हापासून बुकिंग घेण्याआधी मी प्रत्येकाला विचारते की सोबत वयस्कर कोण आहे आणि त्यांना जिना चढवतो का. उत्तर "थोडं हळू चढतील" असं आलं तर मी वरचा मजला देत नाही, आणि खालचा रिकामा नसेल तर दुसरीकडचा पत्ता सांगते. तुम्हीही मालकाकडून जिन्याचा व्हिडिओ मागवा. फोटो नको, खालून वर चालत जाताना काढलेला व्हिडिओ हवा. एका पायरीला मोजपट्टी लावून उंची सांगायला सांगा. ज्याला घर आणि पाहुणे दोन्ही प्रिय आहेत, त्याला याचा राग येणार नाही.

आता तळमजला. फोंतेन्हास हे नावच झऱ्यांवरून आलेलं आहे. पोर्तुगीजमध्ये फोंत म्हणजे झरा. मळ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी फोंत फेनिक्स नावाचा जुना झरा आजही आहे. वस्तीच्या पश्चिमेला आल्तिन्योचा डोंगर आणि पूर्वेला उरेंची खाडी, यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात ही सगळी घरं उभी आहेत. डोंगर जांभ्या दगडाचा. आम्ही त्याला चिरा म्हणतो. चिऱ्याला छिद्रं असतात, पावसाचं पाणी तो पिऊन ठेवतो आणि महिनोन्‌महिने हळूहळू सोडत राहतो. घरांच्या भिंतीही त्याच चिऱ्याच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या. म्हणजे डोंगरातली ओल जमिनीतून येते आणि भिंतीतून वर चढते. जानेवारीत पाऊस नसतो, तरी डोंगराला टेकलेल्या मागच्या खोल्या ओलसर असू शकतात. सासऱ्यांना दम्याचा किंवा सर्दीचा त्रास असेल तर हे महत्त्वाचं आहे.

ओल फोटोत ओळखता येते. भिंतीच्या तळापासून कमरेच्या उंचीपर्यंत बघा. तिथे रंगाचे फुगे दिसले, पांढरी पावडर दिसली किंवा तेवढ्याच भागात लाकडी फळ्या किंवा टाइल्स लावून झाकलेलं दिसलं तर समजा. मालकाने चुन्याचा गिलावा काढून सिमेंट लावलं असेल आणि वर चकचकीत रंग दिला असेल तर दुखणं आणखी वाढतं. चुन्यातून ओल बाहेर पडून सुकते, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. ती मग वर वर चढत जाते आणि वाशांपर्यंत पोचते. आमच्या खालच्या खोलीत आधीच्या भाडेकरूने सिमेंट मारलेलं होतं. ते काढून परत चुना लावायला दोन उन्हाळे गेले. आज त्या भिंतीवर हात ठेवला तर ती गार लागते, पण ओली लागत नाही. मालकाला सरळ विचारा, भिंतीला चुना आहे की सिमेंट? त्याला उत्तर माहीत असेल तर घराकडे त्याचं लक्ष आहे, एवढं तरी कळतं.

आणखी एक. डोंगर पश्चिमेला असल्यामुळे इथे दुपारचं ऊन लवकर जातं. चार-साडेचारनंतर गल्ल्या सावलीत जातात आणि खालच्या खोल्यांत दिवे लावावे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये याच गोष्टीसाठी मी या वस्तीला दुवा देते. जानेवारीत मात्र सकाळचं ऊन ज्या खोलीत येतं ती म्हाताऱ्या माणसांना द्या. पूर्वेची, म्हणजे खाडीच्या बाजूची. ती रस्त्याकडेची असते आणि आवाजाचीही असते, हे खरं. पण ऊब आणि शांतता यातलं एकच मिळणार असेल तर त्या वयात ऊब महत्त्वाची, असं माझं मत आहे. ओहोटीला खाडीचा वास येतो. तो घरातला वास नाही, त्यामुळे मालकाशी भांडू नका.

पाण्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही, आणि ऐन वेळी सगळ्यात जास्त हाल पाण्यानेच होतात. पणजीला पाणी फोंडा तालुक्यातल्या ओपा प्रकल्पातून येतं, खांडेपार नदीचं. तिथून येणारी मोठी जलवाहिनी फुटली की शहर कोरडं पडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ती फुटली तेव्हा पणजीकरांनी कित्येक दिवस टँकरच्या रांगा लावल्या. बाहेर मुसळधार पाऊस आणि नळाला थेंब नाही, अशी अवस्था होती. असं दरवर्षी होत नाही, पण एखाद्या दिवसाचा खंड कधीही पडू शकतो. म्हणून हिशोब करा. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. तुम्ही सहा जण, म्हणजे साधारण ८०० लिटर. बऱ्याच जुन्या घरांत ५०० लिटरची टाकी असते, कारण कौलारू छपरावर जड टाकी बसवता येत नाही. ती मागच्या मोरीवर किंवा एखाद्या सज्जावर बसवलेली असते. जमिनीखाली संप, म्हणजे पाणी साठवायची टाकी, आहे का आणि तो किती लिटरचा, हे विचारा. दोन्ही मिळून दोन हजार लिटर असतील तर निश्चिंत राहा. पाचशेच असतील तर पाणी जाईल त्या दिवशी अंघोळ वाटून घ्यावी लागेल.

संडास-बाथरूम या घरांत नंतर आलेली आहेत. मूळ घरात ती नव्हती किंवा मागच्या अंगणात होती. त्यामुळे ती मागच्या पडवीत, जिन्याखाली किंवा खोलीचा कोपरा कापून बसवलेली दिसतात. दार अरुंद, उंबरा उंच, जमीन खोलीपेक्षा चार-सहा इंच वर. रात्री झोपेत उठलेल्या माणसाला तो उंबरा दिसत नाही. आमच्याकडे मी उंबऱ्यावर पांढरी पट्टी मारली आहे आणि खाली एक लहानसा दिवा रात्रभर चालू असतो. तुमच्या घरात ते नसेल तर येताना भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा लहान दिवा घेऊन या. सासूबाईंच्या खोलीतून बाथरूमपर्यंत किती उंबरे आहेत, तेही मालकाला मोजायला लावा.

आता "सर्व्हिस्ड" या शब्दाकडे वळते, कारण बहुतेक भांडणं इथून सुरू होतात. या शब्दाला ठरलेला अर्थ नाही. कोणी रोज झाडू-पोछा आणि भांडी धरतं, कोणी तीन दिवसांनी एकदा चादरी बदलतं, कोणी फक्त किल्ली देतं आणि एक फोन नंबर. आमच्याकडे रोज सकाळी एक बाई येतात, केर-लादी करतात, ओला-सुका कचरा नेतात, चादरी-टॉवेल चौथ्या दिवशी बदलतात. भांडी त्या घासत नाहीत. घासायची असतील तर वेगळे पैसे, आणि ते थेट त्यांनाच द्यायचे. हे मी बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवते. तुम्हीही लेखी घ्या. सफाई किती वेळा, कपडे धुण्याचं मशीन आहे का, गॅस सिलिंडर संपला तर जबाबदारी कोणाची, एसीचं बिल भाड्यात आहे की मीटरप्रमाणे, रात्री अकरा वाजता फ्यूज गेला तर कोण येणार आणि किती वेळात. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. केअरटेकर पणजीतच राहतो की म्हापशाहून येणार, यावर तुमची ती रात्र कशी जाईल ते ठरतं.

वायरिंगचं सांगते. जुन्या लाकडी छताखाली विजेचा खेळ धोक्याचा. एका घरात एसी, गिझर, इंडक्शन आणि इस्त्री एकाच वेळी लावली की मेन पडतो. पडू दे, तो पडतो म्हणूनच घर सुरक्षित राहतं. मला काळजी वाटते ती मेन पडतच नाही अशा घरांची. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारं बटण, आहे का, अग्निशामक सिलिंडर आहे का आणि त्यावरची तारीख कुठली, हे विचारायला लाजू नका.

स्वयंपाकघराबद्दल. तुम्ही मासे खाणारे आहात असं लिहिलंय, म्हणून सांगते. पणजीच्या बाजारात सकाळी आठच्या आत जा. बांगडे, इसवण म्हणजे तुमची सुरमई, तिसऱ्या, कोळंबी, सगळं मिळेल. साफ करून, तुकडे करूनच घरी आणा. खवले आणि आतडी घरच्या मोरीत टाकलीत तर जुन्या गटाराच्या नळीत अडकतात. ही नळी आमच्या आणि शेजारच्या घराची एकच आहे, म्हणजे तुमच्या बांगड्याचा त्रास शेजारच्यांच्या न्हाणीघरात उगवतो. तळण करायचं तर मागची खिडकी उघडी ठेवा. या घरांत लाकडी फॉल्स सीलिंग असतं, त्यात माशाचा वास बसला की महिनाभर निघत नाही. काही मालक म्हणूनच मांसाहारी स्वयंपाकाला नाही म्हणतात. त्याचा राग धरू नका, पण आधी विचारून घ्या. पावसाळ्यात आलात तर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. तेव्हा ट्रॉलरचा ताजा मासा शोधू नका.

पाव विकत आणायला जाऊ नका. पहाटे सहा-साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, रबरी भोंगा वाजवत. मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. भोंगा ऐकू आला की गॅलरीत या, हाक मारा, तो थांबतो. मऊ पाव, कडक उंडो, कोंड्याची पोई, कुरकुरीत काकणं. पोई गरम असताना आत वाफ कोंडलेली असते. ती फोडून त्यात थोडं लोणी घातलं की तुमच्या मुलीला दुसऱ्या न्याहारीची गरज नाही. आमच्या गल्लीतल्या जुन्या घरांत दोरीला बांधलेली टोपली वरून सोडायची पद्धत अजून आहे. तुमच्या मुलीला ती एकदा तरी सोडू द्या.

माझ्या मते राहायचं घर कुठलं यापेक्षा शेजार कोणाचा, हे या वस्तीत जास्त महत्त्वाचं आहे. भिंती सामाईक आहेत. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातला टीव्ही तुमच्या बेडरूममध्ये ऐकू येतो, आणि तुमच्या गप्पा त्यांच्याकडे. फोंतेन्हास हे बघण्यासाठी उभारलेलं ठिकाण नाही. १८व्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुआंव द सिकेरा नावाचा गृहस्थ मोझांबिकहून श्रीमंत होऊन परतला, लोक त्याला मोसमीकर म्हणायचे. त्याने इथे माडांची बाग लावली. पुढे जुन्या गोव्यात साथींमुळे राहणं कठीण झालं, कारभार पणजीत सरकत गेला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. कारकून, व्यापारी, अधिकारी यांना घरं हवी होती. बागेत घरं उभी राहिली. म्हणजे ही पहिल्यापासून संसारी माणसांची वस्ती. आजही इथे अनेक घरांत तेच लोक, त्यांची चौथी-पाचवी पिढी राहते. गेल्या काही वर्षांत मात्र सकाळी सातपासून लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी दारात उभी राहतात. दुसऱ्याच्या पायरीवर बसतात, खिडकीला हात लावतात, गाडी दारासमोर लावतात. म्हातारी माणसं दार उघडतात तर समोर कॅमेरा. काही घरांवर फोटो काढू नये अशा पाट्या लागल्या आहेत, त्या लावणाऱ्यांचं काही चुकलंय असं मला वाटत नाही. हे घर भाड्याने देताना शेजाऱ्यांना मी शब्द दिलेला असतो. तुम्ही आलात की तो शब्द तुमच्यावरही येतो.

म्हणून सवयी थोड्या बदला. रात्री दहानंतर गॅलरीत मोठ्याने बोलू नका. चाकांची बॅग गल्लीतून ओढत नेऊ नका, उचलून न्या किंवा रिक्षा दारापर्यंत आणा. गॅलरीच्या कठड्यावर ओले कपडे टाकायला हरकत नाही, शेजारीही टाकतात, फक्त खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पाणी टपकणार नाही एवढं बघा. पहिल्याच सकाळी समोरच्या घरच्यांना नमस्कार करा. "देव बरो दीस दिवं" एवढं कोंकणीत म्हणालात तरी चेहरा बदलतो. मराठी सगळ्यांना समजतं, काळजी करू नका. माझ्या एका पाहुण्याच्या मुलाला एका रात्री ताप चढला, तेव्हा पॅरासिटॅमॉलचं सिरप समोरच्या आजींनी टोपलीतून पाठवलं. मी तेव्हा मडगावला होते, मला हे दुसऱ्या दिवशी कळलं.

कचऱ्याचं नियमाने पाळा. पणजीत ओला आणि सुका वेगळा नसेल तर महापालिकेचे कर्मचारी पिशवी तशीच ठेवून जातात. ते बरोबरच आहे. मग ती पिशवी मांजरं फाडतात आणि शेजाऱ्यांचा फोन मला येतो.

कागदपत्रं आणि पैसे. गोव्यात पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवायचं असेल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. हॉटेल असो, होमस्टे असो की दोन खोल्या असोत. नोंदणी क्रमांक मागा. जो देत नाही त्याच्याकडे राहू नका. काही वाद झाला तर कोणाकडे दाद मागणार? नणंदेचा पासपोर्ट परदेशी आहे, त्यामुळे तिची माहिती घरमालकाने २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची असते. त्यासाठी पासपोर्ट आणि तिच्याकडे असेल ते, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं), लागेल. ती आल्याबरोबर दाखवा. मालक "असू द्या हो, काही लागत नाही" म्हणाला तर तो तुमच्यावर उपकार करत नाही, नियम मोडतोय.

जीएसटीचा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, त्यावर गेलं तर १८ टक्के. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या, जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान मालकाकडे थेट बुकिंग केलंत तर त्याला हा कर तुमच्याकडून घेता येत नाही. तेच घर बुकिंगच्या साइटवरून घेतलंत तर कर लागतो, तो ती साइट भरते. बिलावर जीएसटीची रक्कम लिहिली असेल तर जीएसटी क्रमांकही लिहिलेला हवा. डिपॉझिट घेत असतील तर ते कधी आणि कशावरून कापणार, हे लेखी घ्या. आल्या आल्या सगळ्या खोल्यांचा, विशेषतः आधीच तुटलेल्या किंवा चिरलेल्या वस्तूंचा व्हिडिओ काढून मालकाला लगेच पाठवा. शिंपल्यांची तावदानं फार नाजूक असतात. खिडकी जोरात बंद केली की शिंपला तडकतो, आणि तो बसवणारा कारागीर सहजी मिळत नाही. तुमच्या मुलीला एवढं एक समजावून ठेवा.

काही घरांचा एक भाग चकाचक आणि दुसरा भाग कुलूपबंद, पडका दिसेल. ते पाहून घाबरू नका. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याने घर सगळ्या मुलामुलींचं होतं. चार भावंडं, त्यातली दोन लिस्बनला, एक मुंबईला, आणि सही सगळ्यांची लागते. त्यात जुने भाडेकरू असतील तर वीस-वीस वर्षं घराला हात लागत नाही. तुमचं अपार्टमेंट नीट असेल आणि शेजारचा भाग पडका असेल तर एवढंच विचारा की दोन्हींच्या मधलं छप्पर एकच आहे का आणि त्याची कौलं मागच्या मे महिन्यात परतली का. पावसाआधी कौलं परतणं म्हणजे फुटलेली, सरकलेली कौलं काढून नवी बसवणं. हे केलं नाही की जूनमध्ये गळतं. तुम्ही जानेवारीत येताय, त्यामुळे तुमच्या डोक्यावर काही गळणार नाही, पण उत्तरावरून घर कसं सांभाळलं जातं ते कळेल.

तारखांबद्दल. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात कलामहोत्सव आणि मग नववर्ष, या काळात भाडी दुपटीने वाढतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त आणि ८ तारखेला पणजीच्या पायऱ्यांवरच्या चर्चचं फेस्त, तेव्हाही खोल्या मिळणं कठीण. जानेवारीच्या शेवटी भाडी उतरलेली असतात, तुमची निवड चांगली आहे. त्याच सुमाराला, जानेवारी-फेब्रुवारीत, मळ्याच्या मारुतीची जत्रा असते. डोंगराच्या कडेवर देऊळ, पायऱ्यांवर दिव्यांच्या माळा, खाली रस्ताभर खाज्यांची आणि खेळण्यांची दुकानं. तारीख मालकाला विचारा. जत्रेच्या दिवसांत त्या बाजूला गाडी नेता येत नाही आणि रात्री उशिरापर्यंत गजबज असते. पण मुलीला आणि सासऱ्यांना तिथे जरूर न्या. कागदाच्या पुडीतलं गरम खाजं आलं-तिळाचं असतं, ते ठाण्यात मिळणार नाही.

चालत बघण्यासारखं सगळं पंधरा मिनिटांत आहे. वस्तीच्या दक्षिण टोकाला १८१८ चं सेंट सेबॅस्टियनचं लहान चॅपेल, जे पुढे पुन्हा बांधलं गेलं. त्यातला क्रूस आधी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आणि मान ताठ आहे, हे सासऱ्यांना दाखवा. त्यांना इतिहासाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय. इथल्या एका गल्लीला ३१ जानेरो, म्हणजे ३१ जानेवारी, हे नाव कशावरून पडलं, तेही त्यांना आवडेल. १८९१ मध्ये त्या तारखेला पोर्तुगालच्या पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी राजेशाहीविरुद्ध उठाव केला, त्याची ती आठवण आहे. सासूबाईंना मात्र चालवत नेऊ नका. गल्ल्या सपाट आहेत असं वाटतं, पण फरशी वर-खाली आहे आणि उघड्या गटारांवरच्या लाद्या हलतात. चॅपेलपर्यंत रिक्षा जाते.

जुन्या गोव्याची चर्चेस नऊ-दहा किलोमीटरवर आहेत, कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, बस दर काही मिनिटांनी सुटते आणि कदंब स्टँड खाडीपलीकडे चालत दहा मिनिटांवर. रेल्वेने येणार असाल तर मडगावऐवजी करमळीला उतरा, तिथून पणजी फार जवळ. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तिकीट काढताना बघा.

राहिला गाडीचा प्रश्न. ठाण्याहून स्वतःची गाडी आणणार आहात. गल्लीत ती लावू नका, मालकाने "लावा हो, चालतं" म्हटलं तरी. समोरच्या घरातून कोणाला हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर तुमच्या गाडीमुळे रिक्षा दारापर्यंत येणार नाही. सामान आणि सासूबाईंना दाराशी उतरवा, गाडी खाडीपलीकडे पाट्टोला नेऊन लावा आणि पुलावरून चालत परत या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती असेल तर त्या पुलावरून समोरच्या रंगीत घरांची ओळ पाण्यात उलटी दिसते. मुलीला सोबत घेऊन जा.

तळमजल्याच्या त्या घराचा पत्ता मला कळवा. गल्ली ओळखीची असेल तर मागची भिंत डोंगराला लागून आहे की नाही, ते मी जाऊन बघून सांगते.